पहिलं बोंड

विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षी साहेबानं मला अकोटकडच्या लोकांच्या चालीरीती लिहून आणायला धाडलं. एका शेतात बाया सीतादहीची, म्हणजे पहिल्या वेचणीची, पूजा मांडत होत्या. मी दीडशहाण्यासारखा आत शिरलो आणि पूजेआधीच एक बोंड तोडलं. सगळ्या माझ्याकडे वळल्या. आता शिव्या बसणार, म्हणून मी वही छातीशी धरली.

पदराला हात पुसत एक म्हातारी आली. तिनं माझ्या हातातलं बोंड घेतलं, पूजेच्या दह्यात बुडवलं आणि पुन्हा झाडाच्या बेचक्यात बसवलं.

“काहून भेता, भाऊ? चुकलेल्याले आमी पयले जेवाले बसवतो. लिवा.”

मी दहीभात खाल्ला, मग लिहिलं. ही रीत जुनी होती की तिनं तेव्हाच काढली, हे मी आजवर कुणालाही विचारलेलं नाही.