बिनखांबी स्थळ

माझा मामा महापालिकेत बिल्डिंग इन्स्पेक्टर आहे. कुठलं बांधकाम कायद्यात बसतं, कुठलं बसत नाही आणि कुठलं लोकांच्या डोक्यात बसणार आहे, हे बघायचं त्याचं काम. ऑफिसात हेच काम करणारे आणखीही आहेत, पण ते गाडीतूनच बघतात. काच वर, एसी चालू, ड्रायव्हरनं जरा गाडी हळू केली की झाली पाहणी. मामा खाली उतरतो. भिंतीवर बोटांनी टकटक करतो, कान लावतो. म्हणून ऑफिसात त्याला टकटक म्हणतात.

त्याचे साहेब त्याला म्हणाले होते, "अहो, दिसेल तेवढंच लिहायचं असतं. आणि दिसायला आधी बघावं लागतं. तुम्ही बघता कशाला?"

मामाला वाटलं साहेब गंमत करतायत. साहेब अगदी सिरियस होते.

नातेवाइकांत तर नवं घर झालं की मामाला कळवतच नाहीत. मावशीनं चुकून बोलावलं. हा बाथरूममध्ये गेला तो बाहेरच येईना. सगळ्यांना वाटलं पोट बिघडलं. शेवटी दार उघडून म्हणाला, "ओल आहे." मावशी अजून फुगलेली आहे. पुढे तिच्या शेजाऱ्याच्या भिंतीतनं पाणी गळायला लागलं, तो विषय मात्र कोणी काढत नाही. मामा चक्रम, हे सगळ्यांचं ठरलेलं. माझ्यासमोर कोणी म्हणू नये एवढंच.

तर ताईचं, म्हणजे मामाच्या मुलीचं, लग्न ठरत होतं. मुलगा फर्निचरच्या दुकानवाल्याचा. ताईला तो आवडलेला. दोनदा बाहेर भेटून झालेलं, फोनवर हसणं सुरू झालेलं. आता फक्त मोठ्यांनी त्यांच्या घरी जाऊन हो म्हणायचं बाकी होतं.

जाताना रिक्षात माझ्यासमोरच मामीनं मामाला दम भरला. "अहो, आज तुम्ही मुलीचे वडील आहात. छताकडे बघायचं नाही. भिंतीला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे."

"नाही बघत."

"बाबा, प्लीज," ताई म्हणाली.

"नाही म्हटलं ना."

आणि खरंच नाही बघितलं त्यानं! शेठनं, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, या या म्हणून आत नेलं. हॉल म्हणजे मैदान. मामा मान खाली घालून सोफ्यावर बसला. चहा आला, मान खाली. शेठ बायकोला हळूच म्हणाले, "किती नम्र माणूस आहे बघ." मामी खूश. मी म्हटलं, जमलं.

पण मान खाली घातल्यावर माणसाला फरशी दिसते. हॉलच्या बरोबर मधोमध एक चौकोन होता. बाकी फरशी जुनी, मळलेली, आणि तेवढ्याच चार फरशा कोऱ्या करकरीत. मामाचा चहाचा कप तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला. मामीनं ते बघितलं आणि डोळेच मिटून घेतले.

"इथे खांब होता का हो?" मामानं विचारलं.

"होता ना!" शेठ एकदम खुलले. "मध्येच लुडबुडत होता. लग्नाची पार्टी इथेच करायची म्हणतोय. म्हटलं, माणसं बसवायची कुठे? काढून टाकला गेल्या महिन्यात. मिस्त्री म्हणाला, नुसता शोचा खांब आहे."

"वर कोण राहतं?"

"भाडेकरू. म्हातारा-म्हातारी. त्यांचं काय वजन असणार! बाकी खोल्यांत आपलाच माल. लाकडी कपाटं."

मामानं कप खाली ठेवला आणि उठून वर बघितलं. शपथ गेली खड्ड्यात. मीपण बघितलं. जिथे खांब होता तिथून एक चीर निघून पंख्यापर्यंत गेली होती. वरून पांढरा रंग मारला होता, तोही फाटला होता.

"सगळे बाहेर चला," मामा म्हणाला. "आत्ता. वरच्यांनाही उतरवा."

"अहो, बसा हो," मामी पुटपुटली.

शेठचा चेहरा उतरला. "तुम्ही पाहुणे म्हणून आलायत की पालिकेचे म्हणून?"

"आलो पाहुणा म्हणून. पण स्लॅबला ते कुठे माहितीये?"

"अपमान करताय तुम्ही! हे स्थळ गेलं समजा!"

सगळे ताईकडे बघायला लागले. ती रडवेली झाली होती. मुलाकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि शेठच्या बायकोचा हात धरून म्हणाली, "काकू, आधी बाहेर चला. भांडायचं ते अंगणात भांडू."

मुलगा मात्र जागेवरच उभा. बाप मोठा की भेग मोठी, त्याचं ठरेना. मला असा राग आला, म्हटलं, "अरे ए, उभा काय राहिलास पुतळ्यासारखा? वर म्हातारी माणसं आहेत!" तेव्हा कुठे तो जिन्याकडे पळाला.

घरी येताना रिक्षात मामी मामाकडे पाठ करून बसली. ताई बाहेर बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मामानं ऑफिसात धोकादायक इमारतीची नोटीस काढली. साहेब म्हणाले, "होणारे व्याही ना तुमचे? मग आपल्याला काही दिसलंच नाही." मामा म्हणाला, "सही करा, नाहीतर गाडीतून उतरून स्वतः त्या हॉलमध्ये बसा." साहेबांनी लगेच सही केली.

नोटीस चिकटवायला निघालो, मामाच्या स्कूटरवर मागे मी खळीचा डबा धरून. आम्हाला बघून शेठनं दार धाडकन लावून घेतलं. मामा त्याच दारावर खळ लावत होता तर आतून दार उघडलं. मुलगा. हात सिमेंटनं भरलेले.

"काका, लोखंडी टेकू लावून घेतलेत रात्रीच. वरची कपाटं खाली उतरवतोय. वरच्या आजी-आजोबांना माझ्या आत्याकडे सोडलं." मग मामाच्या हातातली नोटीस घेऊन त्यानं स्वतःच्या दारावर स्वतःच चिकटवली. आतून शेठ ओरडत होते, "नालायका, सरळ तरी लाव!"

घरी येऊन मी ताईला सगळं सांगितलं, टेकूसकट. ती उठून मामाकडे गेली.

"बाबा, माझ्याकडून हो कळवा," ती म्हणाली. "पण राहायचं दुसरीकडे. आणि ते घर आधी तुम्ही वाजवून बघायचं."