साडेतीनशे ग्रॅममध्ये बसणारं जॅकेट

शुक्रवार, अठरा ऑक्टोबर, दुपारी साडेतीन. ठिकाण: जहराच्या रस्त्यावरचं एक कोल्ड स्टोअर. हजर: मी, गाडी चालवायला नवरा, माझी ट्रेकची मैत्रीण, आणि याच कोल्ड स्टोअरमध्ये चौदा वर्षं काम करणारे, वेंगुर्ल्याकडचे दादा. बरोबर नेलेल्या वस्तू: तीन नवी पिसांची जॅकेटं, एक जुनं, स्वयंपाकघरातला वजनकाटा, भरलेली सॅक, हातमोजे. बाहेरचं तापमान अडतीस. आतलं उणे अठरा.

कुवेतमध्ये थंडीचं जॅकेट घेण्यातली अडचण साधी आहे. ते घालून बघता येत नाही. मॉलमधल्या गारव्यात कुठलंही जॅकेट दोन मिनिटांत नकोसं होतं, आणि नकोसं झालं म्हणजे उबदार आहे, असा आपला समज होतो. मी आधी एकदा अशीच फसले होते, म्हणून यावेळी दादांना फोन केला. त्यांची ओळख मंडळाच्या गणपतीतली. दरवर्षी मखर उभं करायला ते जलीबहून दोन बस बदलून येतात. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शुक्रवारी दुपारनंतर माल उतरत नाय. साहेबांका इचारून ठेयतंय. येवा."

जॅकेट का एवढं महत्त्वाचं, तेही सांगते. मैत्रिणीचा आणि माझा हिमालयातल्या वाटांचा आठ वर्षांचा शिरस्ता आहे: दोघींनी जायचं, दोघींनी यायचं. एकीला परतावं लागलं तर दुसरीही परत फिरते. दोन वर्षांपूर्वी बारा दिवसांच्या वाटेवर सहाव्या दिवशी मला थंडीने इतकं धरलं की सकाळी बुटाची नाडी बांधता येईना. वाटाड्याने बोटं बघितली आणि खाली उतरायला सांगितलं. खिंड दीड दिवसावर होती. मैत्रीण ठणठणीत होती. तरी तिने लगेच आपला तंबू गुंडाळला.

येत्या नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा त्याच वाटेवर जाणार आहोत. जानेवारीत ती कायमची सांगलीला परत जाते आहे, सासूबाईंची देखभाल करायला. तिथून बारा दिवस बाहेर पडणं जमणार नाही, हे ती स्वतःच म्हणते. म्हणजे तिच्यासाठी ही खिंड आता किंवा नाही. आणि ती माझ्यामुळे दुसऱ्यांदा हुकता कामा नये.

यात माझ्या पाठीची अट. मणक्याच्या डॉक्टरांनी सहा किलोपर्यंतच परवानगी दिली आहे. जॅकेट सोडून माझी सॅक पाच किलो साडेसहाशे भरते. टूथब्रश अर्धा कापून झालेला आहे. उरले साडेतीनशे ग्रॅम. शिवाय जॅकेट फाटलं तर दुसरं नाही, म्हणून ते हलकंही हवं आणि टिकाऊही. या दोन गोष्टी एकत्र सहसा मिळत नाहीत.

दादांनी आम्हाला बाहेरच्या मोकळ्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसवलं. त्यांच्या अंगात कंपनीचं जाडजूड निळं जॅकेट होतं, कोपरांना चिकटपट्टी लावलेलं.

"वयनी, आधी भायरच बगूया. आत गेल्यार बोटां चलनत नाय."

मी काट्यावर एकेक जॅकेट ठेवलं. पहिलं, गुलाबी, दोनशे तीस ग्रॅम, कांद्याच्या सालीसारखं पातळ. दुसरं तीनशे चाळीस. तिसरं पाचशे दहा, ते फक्त तुलनेसाठी आणलेलं, टॅगसकट परत जाणार होतं. बाकी दोन्हींपैकी जे नापास होईल ते नवरा डिसेंबरात सकाळी फिरायला घालील, असं घरी ठरलं होतं. त्याला विचारून नव्हे.

"मला गुलाबी आलं तर?" नवरा म्हणाला.

"पहिलं नापास झालं तर गुलाबी तुमचंच," मैत्रीण म्हणाली.

दादांनी झिपवरून हात फिरवला. सगळ्यात खाली, जिथे दोन बाजू जुळवतात, तिथे नखाने दाबून बघितलं. "झिप वयसून जायत नाय, खालसून जाता. गडबडीत वाकडी घालतत नि वडतत." पहिल्या जॅकेटची खालची पिन नाजूक, शिवण एकेरी. दुसऱ्याला तिथे कापडाचा छोटा तुकडा दुहेरी शिवलेला. हे मी तीन आठवडे वाचलेल्या कुठल्याच माहितीत नव्हतं.

मग खांदे. दादांनी माझी सॅक उचलली आणि तिचा पट्टा पहिल्या जॅकेटच्या खांद्यावर ठेवून विचारलं, "चोळू काय?"

"चोळा."

"अहो, नवं आहे!" नवरा म्हणाला. गुलाबी असलं तरी त्याने ते आता आपलं मानलं होतं.

पन्नासदा पुढे, पन्नासदा मागे. मी मोजत होते. साठाच्या आसपास शिवणीतून एक पांढरं पीस डोकावलं, शंभराला चार. दुसऱ्याच्या खांद्यावर कापड जरा चकाकलं, एवढंच. बाहेर आलेलं पीस मी ओढणार, तेवढ्यात दादांनी माझा हात धरला. ते कधी बाहेर ओढायचं नाही. एक ओढलं की त्याच भोकातून मागची दोन येतात. आतल्या बाजूने चिमटीत धरून परत आत घ्यायचं. त्यांनी चारही पिसं तशी आत घेतली, चिवटपणे, नवऱ्यासाठी.

मग त्यांचं लक्ष जुन्या जॅकेटकडे गेलं. मी ते फक्त वजनाच्या तुलनेसाठी आणलं होतं. खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं: कंपनीने माल कसा वाईट दिला, हे कुणा जाणत्या माणसाकडून एकदा ऐकायचं होतं. दोन वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आले होते.

दादांनी ते ट्यूबलाइटसमोर धरलं. कप्प्याकप्प्यात खाली बारीक गोळे दिसत होते आणि वर नुसतं कापड, त्यातून उजेड आरपार. त्यांनी मुठीत दाबून सोडलं. नवी जॅकेटं सोडल्याबरोबर फुगत होती. हे तसंच चुरगळलेलं राहिलं.

"ह्यात कायच नाय रवलां. खंय ठेयलेलात ह्यां?"

मी सांगितलं. मे महिन्यात आम्ही इथली बहुतेक मंडळी करतो तेच. गोधड्या, स्वेटर, रजया हवा काढायच्या प्लास्टिक पिशवीत घालायच्या, व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावायची आणि पापडासारखं चपटं करायचं. आमच्या इमारतीतली अर्धी कुटुंबं माझ्याकडून शिकली आहेत. सुट्टीला जाताना तेवीस किलोत तीन रजया बसवायची माझी ख्याती आहे. त्या ट्रेकच्या आधी जॅकेट मी असंच चपटं करून पाच महिने गाडीच्या डिकीत ठेवलं होतं, कारण डिकीत जागा होती. जून, जुलै, ऑगस्टचा उन्हाळा, बंद डिकी.

"उन्हात? दाबून?" दादांनी विचारलं.

"हो."

"आमच्याकडे नवीन मानसां लॉकरात कोंबून ठेयतत. म्हयन्याभरात जाकीटाची चादर होता. तुमी तर भाजून ठेयलास."

मी मैत्रिणीकडे बघायचं टाळलं. दोन वर्षं कंपनीला नावं ठेवली, उंचीला ठेवली, वाटाड्यालाही एकदा ठेवली. तिने प्रत्येक वेळी मान डोलावली होती.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "माझी खिंड तू व्हॅक्यूम केलीस."

मग तिला हसू आवरेना. नवराही हसला, दादाही. मी थोड्या वेळाने हसले, पण मला ते हसणं पुरेसं वाटलं नाही. "चुकलं माझं," मी म्हणाले. "तुला तेव्हाच सांगायला हवं होतं कुठे ठेवलं होतं ते."

"तेव्हा तुला तरी कुठे माहीत होतं? चल आत. माझे पाय भाजतायत इथे."

आत वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, असं दादांनी बजावलं. मी पहिली दोन मिनिटं दुसरं जॅकेट हातातच धरून उभी राहिले. आधी थंडी नीट कळू दे, मग घालून फरक बघू, असा माझा हिशेब. दादांनी ते सरळ माझ्या खांद्यांवर टाकलं.

"जाकीट गरम करणा नाय, वयनी. तुमची गरमी धरून ठेयता. गेलली गरमी ता खंयसून धरतला?"

तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या ट्रेकमध्येही मी तेच करत होते. मुक्कामाला पोचल्यावर आधी तंबू, मग सामान, मग चहा, आणि अगदी राहवेना तेव्हा जॅकेट. जपून वापरत होते. आता माझ्या कामांच्या क्रमात पहिलं काम जॅकेट घालणं आहे, सॅक उतरवायच्याही आधी.

माशांच्या खोक्यांमधून मी सॅक घेऊन येरझारा घातल्या. हातमोजे घालून झिप उघडली, लावली. टोपी ओढून मान वळवली. हात वर केले तेव्हा कंबर उघडी पडली नाही. नाकपुड्यांतले केस गोठल्यासारखे वाटत होते, पण पाठ आणि पोट शेवटपर्यंत ठीक. दारातून नवऱ्याचा आवाज आला, "दादा, आणखी थोडा वेळ ठेवता येईल का हिला?" दादांनी त्याला आत ओढलं आणि दार लावलं. त्याच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. तो चाळीस सेकंद टिकला.

तर निकाल: दुसरं, तीनशे चाळीस ग्रॅमचं. सॅक आता पाच किलो नऊशे नव्वद. दादांनी चहा पाजला आणि निघताना जॅकेट घडी न करता माझ्या हातात दिलं. "सैल ठेवा. कपाटात, खुंटीक. बस." मला ते मांडीवर घेऊनच गाडीत बसावं लागलं.

फरवानियाच्या सिग्नलला मैत्रिणीने मागून विचारलं, "माझी स्लीपिंग बॅग कुठाय गं?"

घर आवरायला सुरुवात केली तेव्हा, मे महिन्यात, तिने ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. तीही पिसांचीच, माझ्या जॅकेटाच्या दुप्पट चांगली. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानेच नळी धरली होती.

"गच्चीवरच्या स्टोअरमध्ये," मी म्हणाले.

"पत्र्याच्या?"

"पत्र्याच्या."

सिग्नल सुटला. तिच्या इमारतीपाशी येईपर्यंत ती बाहेर बघत होती. उतरल्यावर खिडकीत वाकून म्हणाली, "उघडून बघ. फुगते का ते बघ. आणि जे असेल ते खरं सांग, लगेच. तीन आठवडे आहेत, दुसरी शोधता येईल."

घरी पोचल्याबरोबर खाली हारिसच्या खोलीवर गेले. स्टोअरची किल्ली इमारतीच्या या राखणदाराकडेच असते. तो सुट्टीवर गेला आहे, आणि बदलीवरच्या माणसाला किल्ल्यांच्या जुडग्यातली कुठली ते माहीत नाही. आज रविवार. सकाळी गच्चीवर उभं राहून आम्ही सतरा किल्ल्या लावून बघितल्या. मैत्रिणीचे दोन फोन येऊन गेले. स्टोअर अजून उघडायचं आहे.