कम्प्युटरला लावलेलं कुंकू

मला कम्प्युटरमधलं सगळं कळतं, असा आमच्या गावात समज आहे. तो मीच पसरवला. कुणाचा मोबाईल अडला, कुणाच्या दुकानातला प्रिंटर रुसला की माणसं मला शोधत येतात आणि मी कपाळाला आठ्या घालून, जरा वेळ लावून, दुरुस्त करून देतो. आठ्या आणि वेळ हे दोन्ही मुद्दाम. पटकन झालं तर लोकांना किंमत राहत नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस पाहायचा असेल तर तेव्हाचा मी पाहायला हवा होता.

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी कम्प्युटर शिकवायला लागलो, तेव्हा माझी ऑर्डर एका वर्षाची असायची. ती जूनमध्ये संपायची. ऑर्डर वाढणार की घरी बसायचं, हे मुख्याध्यापकांच्या एका शेऱ्यावर ठरायचं. शाळेत कम्प्युटर सहा होते, त्यातले पाच पाहुण्यांना दाखवण्यापुरते. सहावा तेवढा चालायचा. शाळेचं सगळं काम त्या एकावर.

त्याच कम्प्युटरवर आमच्या शिपाई मावशी टायपिंग शिकत होत्या. त्यांचे यजमान याच शाळेत शिपाई होते. ते गेले आणि त्यांच्या जागी यांना घेतलं. मावशी लग्नाआधी बारावी झालेल्या. शाळेचे क्लार्क मार्चमध्ये निवृत्त होणार होते आणि संस्थेनं मावशींना कळवलं होतं, की मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हा, ती जागा तुम्हाला देऊ. परीक्षा डिसेंबरात. तालुक्याला क्लास लावायचा तर वेळ नाही, कारण शाळा उघडायचीही त्यांनीच आणि कुलूप लावायचंही त्यांनीच. म्हणून शाळा सुटली की अर्धा तास त्या माझ्या शेजारी बसायच्या. सुरुवातीला एक एक अक्षर शोधताना ओठ हलायचे. महिन्याभरात बोटं चालायला लागली. तास संपायची वाट बघत घंटेखाली उभ्या असल्या तरी बोटं मांडीवर चालूच. मी त्यांची थट्टा करायचो. "मावशी, लुगड्यावर काय पत्र लिहिताय?" त्या हसून म्हणायच्या, "अर्ज लिव्हतीय सर. क्लार्कच्या जागंचा."

गणपतीच्या दिवसांत कम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. मी डबा उघडला, आतला मोठा पंखा काढून साफ केला. त्या पंख्याखाली, मुख्य चिपवर, एक खास पेस्ट लावावी लागते. चिपची उष्णता त्या पेस्टमधून वर जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. जुनी पेस्ट मी पुसून टाकली आणि मग लक्षात आलं, की नवी आपल्याकडं नाही. ती मिळणार नगरला. एका चमचाभर पेस्टसाठी कोण एसटीत बसणार? मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता, त्यात एकानं साधी टूथपेस्ट लावून काम भागवलं होतं. मी मावशींना समोरच्या किराणा दुकानात पिटाळलं. त्या छोटी ट्यूब घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "शाळंत दात घासताय व्हय सर?" मी म्हणालो, "मी नाही, कम्प्युटर घासतोय." दोघंही हसलो. मशीन सुरू झालं, घरघर थांबली, आणि माझी मान आणखी एक इंच वर गेली.

आमच्याकडं खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपलं हत्यार पुजायचं. शाळेतही तसंच. विज्ञानाचे सर सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावतात, खेळाचे सर बॅटी आणि चेंडू मांडतात. मावशी दरवर्षी घंटा पुजायच्या. त्या वर्षी ताट घेऊन माझ्याकडं आल्या. "सर, कम्प्युटरला मी लावू का कुंकू?" मी म्हणालो, "लावा की, तुमचाच आहे." त्यांनी डब्याच्या पुढच्या बाजूला पाच बोटं कुंकू ओढलं, वर झेंडूचं एक फूल ठेवलं, आणि बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. घंटेला त्या वर्षी दुसऱ्या शिपायानं हार घातला.

दसऱ्यानंतर शाळा भरली आणि कम्प्युटर बिघडला. चालता चालता बंद पडायचा, आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. दहावीच्या पोरांचे बोर्डाचे फॉर्म भरायचे होते, मुदत जवळ आलेली. मी छातीठोकपणे सांगितलं, विंडोज खराब झालंय, नवीन टाकतो, तासाभराचं काम. माहिती पेनड्राइव्हवर काढून घेतली आणि बसलो. पडद्यावर टक्के चढायला लागले. साठाच्या पुढं गेले, आणि पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी चाळिसावर काळा. तिसऱ्या वेळी वीससुद्धा झाले नाहीत.

मग मी साप म्हणून भुई धोपटायला सुरुवात केली. पेनड्राइव्ह बदलला. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. वायर बदलली, दुसऱ्या बोर्डात लावून पाहिली. शेवटी खापर लाईटवर फोडलं. आपल्याकडं लाईटला शिव्या घातल्या की सगळे माना डोलावतात, पण त्या दिवशी दिवे कसे अगदी शहाण्यासारखे जळत होते. एव्हाना निम्मा स्टाफ भोवती जमलेला. प्रत्येक वेळी पडदा काळा झाला की कुणीतरी "गेला" म्हणायचं, जसा काही आजारीच माणूस आहे. मुख्याध्यापक खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले होते. बऱ्याच वेळानं ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हाला येतं ना हे?"

मला त्या वाक्यात जून दिसला. मी डब्याचं झाकण काढलं, उगीच आत डोकावलो, आणि पुढच्या जाळीत अडकलेली झेंडूची एक सुकलेली पाकळी मला सापडली. एकच. ती मी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली.

"हे बघा. फुलं, कुंकू, हळद. असलं आत गेल्यावर मशीन चालेल कसं? तरी मी म्हणत होतो."

मी काहीएक म्हणत नव्हतो. मावशी तेव्हा दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मुख्याध्यापक त्यांच्याकडं वळून म्हणाले, "मावशी, अहो, ही देव्हाऱ्यातली वस्तू आहे का? यापुढं कम्प्युटरला हात लावायचा नाही." मावशींनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता त्या सांगतील, की सरांना विचारून लावलं होतं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "चुकलं सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी एकटा येऊन बसलो. पंखा काढला. कुंकवाचा कण नव्हता तिथं. चिपवर पांढरा, वाळलेला, भेगा पडलेला थर होता. बोट लावलं तर त्याचा भुगा झाला, आणि त्या भुग्याला पुदिन्याचा वास होता.

एका क्षणात सगळं समजलं. टूथपेस्ट वाळली होती. चिप तापत होती आणि तापली की मशीन स्वतःला वाचवायला बंद पडत होतं. पहिल्या वेळी थंड होतं म्हणून साठ टक्क्यांपर्यंत गेलं, पुढं प्रत्येक वेळी आधीच तापलेलं, म्हणून लवकर पडलं. माझ्याच वर्गातल्या पोराला हे आकडे दाखवले असते तर त्यानंही सांगितलं असतं. मी भुगा फुंकून टाकला, फडक्यानं चिप पुसली, एसटीनं नगरला जाऊन खरी पेस्ट आणली आणि लावली. विंडोज एका दमात चढलं. मुख्याध्यापकांनी स्टाफसमोर माझी पाठ थोपटली. काय झालं होतं विचारलं, तर मी म्हणालो, "घाण फार होती आत." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मावशी नंतर टेबल पुसायच्या, पण कीबोर्डच्या भोवतीनं. मी एकदाच म्हणालो, "बसा की मावशी, मी आहे." त्या म्हणाल्या, "नको सर, मोठ्या सरांनी सांगितलंय." मला हायसं वाटलं. त्या शेजारी बसल्या असत्या तर मला रोज अर्धा तास त्यांच्या तोंडाकडं पाहावं लागलं असतं. त्या हायसं वाटण्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते, खोट्यापेक्षाही जास्त.

डिसेंबरात मावशी परीक्षेला गेल्या नाहीत. मार्चमध्ये क्लार्क निवृत्त झाले आणि जूनमध्ये त्यांच्या जागी बाहेरगावचा एक तरुण आला. त्याच जूनमध्ये माझी ऑर्डर कायम झाली. शेऱ्यात "तांत्रिक ज्ञान उत्तम" असं लिहिलं होतं. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी त्यांना खरं सांगितलं. म्हणजे सांगून माझं काहीच जाणार नव्हतं तेव्हा. ते हार सांभाळत हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या हो सर, जुनं झालं."

त्यानंतरच्या खंडेनवमीला मावशी ताट घेऊन व्हरांड्यात आल्या. मी त्यांना अडवलं आणि सगळं सांगून टाकलं. पाकळी, भुगा, नगरची पेस्ट. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ठाव हाय सर मला. ती ट्यूब मीच आनली हुती की. आन तुमी फुकलेला भुगा झाडला कुनी? मीच झाडला. खोलीभर पुदिन्याचा वास हुता."

ही गोष्ट इतक्या दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती. ट्यूब आणायला मी ज्यांना पाठवलं, त्यांना दोन आणि दोन चार करता येतील, असं मला वाटलंच नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची आर्डर वर्साची हुती. माजी नोकरी तर हुतीच ना, शिपायाची का आसंना." मग म्हणाल्या, "आन मला वाटलं, तुमी सांगाल. परीक्षेच्या आदी सांगाल. लई वाट बघितली."

त्यांनी घंटेला कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. मग ताट माझ्या हातात दिलं.

"घ्या. कम्प्युटर तुमचा हाय, तुमीच पुजा. ज्याचं हत्यार त्यानं पुजावं."

मी ताट घेऊन आत गेलो. डब्याच्या पुढच्या बाजूला त्यांच्या पाच बोटांचा लालसर डाग अजून होता, दोन वर्षांत कुणी तो घासून काढला नव्हता. मी बोट कुंकवात बुडवलं, पण ते लावायचं कुठं हे कळेना. बाहेर मावशींनी पहिल्या तासाची घंटा दिली.