पाच वाजून नऊ मिनिटं

"आधी घड्याळ बघा, मग माझ्याकडं बघा."

कागद पुढे सरकवणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगायच्या. सांगताना डावा तळवा त्या कागदावर सपाट ठेवायच्या, जणू तो उडून जाणार आहे. मग स्वतःही भिंतीवरचं घड्याळ बघायच्या, शिक्का मारायच्या आणि शिक्क्याखाली बारीक, गोल अक्षरात वेळ लिहायच्या. वेळ लिहायची सक्ती नव्हती, शिक्क्यात तारीख होतीच. पण त्या लिहायच्या.

नगरच्या एका सरकारी कार्यालयात त्या आवक टेबलावर होत्या. शहराचं नाव बदललं तरी आम्ही नगरच म्हणतो. तुम्हीही कधी ना कधी अशा टेबलासमोर उभे राहिला असाल. समोरचा माणूस आपल्याकडे न बघता कागद घेतो, आपणही त्याच्याकडे बघत नाही आणि बाहेर पडल्यावर त्याचा चेहरा आठवत नाही. मला त्यांचा चेहरा पहिल्याच दिवसापासून आठवतो, कारण त्या दिवशी त्यांनी मला बुडवलं.

माझी सुप्याला शेड आहे. शाळांसाठी लोखंडी बाकं बनवतो. एका टेंडरमध्ये मला अपात्र ठरवलं. पाइपचा तपासणी दाखला जोडलेला नाही, असं कारण दिलं होतं. दाखला जोडलेला होता, चांगला ठळक. अशा वेळी लेखी आक्षेप घेता येतो. पात्र-अपात्रांची यादी वेबसाइटवर लागली की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. मी तिसऱ्या दिवशी दुपारी निघालो. कामरगावच्या पुढे कांद्याचा ट्रक उलटला होता. रस्ताभर कांदे, आणि त्यात अडकलेला मी.

टेबलापाशी पोचलो तेव्हा पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. त्यांनी कागद घेतला, शिक्का मारला आणि तेवढीच वेळ लिहिली.

"ताई, पाच लिहा की," मी म्हणालो. "नऊ मिनिटांनी कोणाचं काय बिघडतं?"

"कोनाचं बिघडतं ते मला म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनून तर लिहिते."

मग पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या. लई घाम आलाय."

मी पाणी घेतलं नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आक्षेप मुदतीनंतर मिळाला, सबब विचारात घेता येत नाही. त्या वर्षी शेडमध्ये काम उरलं नाही. माझे दोन चांगले वेल्डर एमआयडीसीतल्या कारखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. मी भेटेल त्याला सांगत सुटलो की त्या बाईच्या छातीत घड्याळच आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी मी एका नकलेसाठी तिथल्या बाकड्यावर बसलो होतो. पांढऱ्या गाडीतून एका मोठ्या ठेकेदाराचा माणूस आला. सकाळचे अकरा वाजले होते आणि त्याची मुदत आदल्या दिवशी पाचला संपली होती. त्याला कालची तारीख हवी होती. ताईंनी आवक नोंदींची वही फिरवून त्याला दाखवली. पाच वाजता त्या शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ ओढून सही करायच्या. रेघेच्या वर जागाच नव्हती. तो सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेला. पाच मिनिटांत ताईंना बोलावणं आलं.

त्या वही काखेत मारून गेल्या. दार उघडंच राहिलं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"साहेब, तुमी लेखी द्या. मी वहीत तसा शेरा मारते, की साहेबांच्या आदेशावरून कालची तारीख टाकली."

मग साहेब म्हणाले, "ठीक आहे, जा तुम्ही."

त्या येऊन खुर्चीत बसल्या. वही जागेवर ठेवली. माझ्याकडे लक्ष गेलं.

"तुमी बाकंवाले ना? सुप्याचे?"

मी मान हलवली.

"तुमाला नऊ मिनिटं दिली असती, तर ह्याला अख्खा दिवस द्यावा लागला असता. आन् दिवस मागायला येनारा कधी गरीब नसतो."

त्या दिवशी त्यांनी दिलेलं पाणी मी प्यालो.

इथवरची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे. पुढची सांगायला मला जड जातं.

पुढच्या टेंडरला मी पात्र ठरलो. आणखी एक अर्ज अपात्र झाला होता, श्रीगोंदा तालुक्यातल्या एका बचत गटाचा. त्या बायकांनी वेल्डिंगचं प्रशिक्षण घेऊन गावातच शेड टाकली होती. यादी शुक्रवारी संध्याकाळी लागली. मंगळवारी सकाळी मी आक्षेप आला का ते विचारायला गेलो. सोमवार गेला होता आणि आक्षेप आला नव्हता. मी खुशीत होतो. तेवढ्यात त्या गटातल्या तिघी आल्या. पुढे असलेल्या बाईच्या हातांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग होते. असे डाग माझ्या हातांवरही आहेत.

"अनामत भरली न्हाई म्हनून काढलंय आमाला," ती म्हणाली. "पन आमाला माफी हाय. हा बगा माफीचा कागद, अर्जालाबी जोडला हुता."

ताईंनी कागद वाचला. आक्षेप खरा होता. मलाही तो तिथूनच कळला.

"काल शेवटचा दिवस हुता," ताई म्हणाल्या.

"असं कसं? शनिवार-रविवार सुट्टी. सोमवार, मंगळवार, बुधवार. अजून एक दिवस हाय की आमच्याकडं."

"सुट्टी धरूनच मोजत्यात."

ती बाई टेबलावर वाकली. "ताई, तुमी आमच्याच तालुक्यातल्या ना? तुमच्या गावात माझी मावशी दिली. विहाराच्या मागं घर. तुमी आपल्यातल्या."

"म्हनूनच," ताई म्हणाल्या आणि मंगळवारची तारीख मारली.

तिघी पोच घेऊन गेल्या. त्यांनी भांडण केलं नाही, ते बघणं जास्त अवघड होतं. मी तिथेच उभा होतो. मला बोलता आलं असतं. या बायकांचं म्हणणं खरं आहे, मी लिहून देतो, मलाच हे काम नको, असं काहीही. मी गप्प राहिलो. ताईंनी डबा उघडला, तसाच बंद केला.

"तुमचं काम झालं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "जावा."

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

"गाडी हाय ना तुमच्याकडं? रविवारी श्रीगोंद्याकडं यायचं."

यायचं का, असं विचारलंच नाही. सावेडीतल्या घरून त्यांना घेतलं. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. त्यांच्या गावच्या विहारात तीस-चाळीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. त्या तिघीही होत्या. ताईंनी फळ्यावर महिन्याचे चौकोन आखले.

"यादी शुक्रवारी लागली. शेवटचा दिवस कोनता?"

"बुधवार!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

ताईंनी सोमवारभोवती गोल काढला आणि खडू खाली ठेवला.

ठिणग्यांच्या डागांची ती बाई उठली. "मंग हे आदी का न्हाई सांगितलं कुनी?"

"चुकलं," ताई म्हणाल्या. "वीस वर्सं उशीर लिहीत बसले. उशीर हुऊ नये म्हनून काय करावं, ते कधी डोक्यात आलं न्हाई."

मग मला उभं केलं. "ह्यांचंबी एकदा ग्येलंय. सांगा."

मी माझी नऊ मिनिटं सांगितली. कांद्याच्या ट्रकपाशी बायका हसल्या. हसू थांबल्यावर मी म्हणालो, "आणि तुमचं काम आता माझ्याकडं येणार आहे. तुम्ही आलात तेव्हा मी तिथंच होतो."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग बाकं तरी नीट कर बाबा. आमचीच पोरं बसनार हायती त्याच्यावर."

ती बाकं मी नीट केली. याहून जास्त काही मी केलं, असं म्हणता येणार नाही.

त्यानंतर ताई रविवारी वेगवेगळ्या गावांना जाऊ लागल्या. कधी माझी गाडी, कधी एसटी. कार्यालयात हे कोणाला आवडलं नाही, पण मना करायला कोणता नियम लावायचा ते सापडलं नाही. पुढच्या वर्षीच्या टेंडरमध्ये माझ्याविरुद्ध आक्षेप आला. पहिल्याच दिवशी, सकाळी दहा वाजता, श्रीगोंद्याच्या त्याच गटाचा. वेबसाइटवर सगळ्यांना दिसणाऱ्या माझ्या कागदांत एका दाखल्याची मुदत संपली होती. आक्षेप बरोबर होता आणि काम त्यांना गेलं. मी ताईंकडे तक्रारीच्या सुरात बघितलं, तर त्या म्हणाल्या, "मी न्हाई सांगितलं. त्यांनी वाचलं."

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम दुपारीच उरकला. संध्याकाळी त्या शाल आणि नारळ पिशवीत घालून खाली आल्या, तर पार्किंगमध्ये आम्ही सहा-सात जण उभे. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. सगळेच कधी ना कधी त्यांच्या टेबलावरून हात हलवत परतलेले. पांढऱ्या गाडीवालाही होता.

त्या अवघडल्या. "काय काम हुतं का?" एवढंच विचारलं. कोणाचंच काम नव्हतं.

त्यांची स्कूटर सुरू होईना. पांढऱ्या गाडीवाला पुढे झाला आणि इस्त्रीच्या कपड्यांत किका मारू लागला. चौथ्या किकेला ती सुरू झाली.

"ताई, लई त्रास दिला तुम्ही आम्हाला," तो धापा टाकत म्हणाला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सारखाच."

पिशवी पुढच्या हुकाला अडकवून त्या फाटकाबाहेर पडल्या आणि सावेडीच्या बाजूला वळल्या. आता त्या गावी राहतात. टेबलावर नवीन माणूस आहे, तो बरा आहे.

आम्ही तिथेच उभे राहिलो. एकमेकांची नावंही आम्हाला ठाऊक नव्हती. कोणीतरी म्हणालं, चहा घेऊ. समोरच्या टपरीवर चहा आला. चहा संपला तरी कोणाला घरी जायची घाई नव्हती.