लेकीच्या घरचा घास

"बसत न्हाय मास्तर, निघालोच," असं म्हणत फिटरकाका आमच्या दारात अर्धा तास उभे राहायचे. एक पाय आत, एक पायरीवर. चहासुद्धा तसाच, उभ्याने. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. खुर्ची पुढे केली की बसायचं सोडून तिचा पाय डुगडुगतो का ते बघतात.

काका मूळचे अंजूरचे. तरुणपणी मालवाहू बोटींच्या इंजिनावर फिटर होते. लग्नानंतर समुद्र सोडला आणि कामतघरच्या कापड कारखान्यांत लूम दुरुस्त करू लागले. एकुलती एक लेक लग्न होऊन अमेरिकेला गेली. तिला मुलगी झाली आणि काकांना चैन पडेना. दिवसातून चारदा फोन माझ्या नाकासमोर धरायचे. "बघा, डोलं माझंच हायत." फोटोत पोरीने डोळे गच्च मिटलेले असायचे. तरी मी हो म्हणायचो.

व्हिसाचा फॉर्म मीच भरला. मुलाखतीची उत्तरंही पाढ्यांसारखी घोटून घेतली. नातीला बघणार, महिनाभर राहणार, परत येणार. पुढे एक अक्षर नाही.

मुंबईला वकिलातीत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "वहाँ दिनभर क्या करेंगे?"

आमचे काका म्हणाले, "खाली थोडी बैठूंगा? कुछ ना कुछ काम पकड लूंगा."

व्हिसा नाकारला. मी भयंकर चिडलो. "काका, एवढं पढवलं होतं ना!"

"मंग काय सांगू? आमच्यात लेकीच्या घरचं फुकट खात न्हाईत. महिनाभर घास उतरंल का?"

मला त्यांचा राग आला आणि मग त्या रागाचीच लाज वाटली.

दोन महिन्यांनी काका जुन्या ओळखीने पुन्हा बोटीवर चढले. पन्नाशी उलटलेली, गुडघा दुखरा. काकूंनी अबोला धरला. पण बोट लेकीच्या शहरातल्या बंदराला लागणार होती. व्हिसा नसलेल्या खलाशाला तिथे खाली उतरू देत नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

"उतरायचं कुनाला हाय? बघायचं हाय."

बोट लागली. लेक मुलीला घेऊन बंदराच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. तिने पाठवलेल्या फोटोत लांब डेकवर एक नारिंगी ठिपका दिसतो. तेच काका.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. इतका आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. "मास्तर, मी हात केला, तर तिनंबी केला! वलखलं मला पोरीनं!"

लेकीचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. पोर सगळा वेळ तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तो इवलासा हात आईनेच धरून हलवला होता.

"ओळखणारच की काका," मी म्हणालो.