साडूंची कौशल्य-कसोटी

जगातल्या कुठल्याही कामात यशं किती आणि अपयशं किती हे मोजता येतं, यावर माझ्या थोरल्या साडूंइतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. बोर्ली पंचतनला त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे, पण तो जोडधंदा. खरा धंदा रविवारी दुपारी घराच्या पडवीत चालतो. तिथे साडू, माझी मेव्हणी म्हणजे आमची ताई, साडूंचे शाळासोबती माजिदभाई आणि मी असे चौघं मिळून एक खेळ खेळतो. साडू गोष्ट सांगतात, आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं होतो, आणि आमचं साहस साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. माजिदभाईंनी हा खेळ आखातातल्या नोकरीवरून परतताना आणला. लोकांच्या सामानात खजूर आणि अत्तर असतं, यांच्या सामानात नियमांची जाडजूड पुस्तकं होती.

त्यातल्या एका प्रकरणावर साडूंचा जीव जडला. त्याला ते ‘कौशल्य-कसोटी’ म्हणतात. लढाई नाही, पण काम अवघड आहे, दरी ओलांडायची आहे किंवा रुसलेल्या राजाला पटवायचं आहे, अशा वेळी प्रत्येकाने आपापलं कसब सांगून फासा टाकायचा; मोठा आकडा पडला तर यश, लहान पडला तर अपयश. ठरलेली यशं आधी मिळाली तर जिंकलात, त्याआधी तीन अपयशं आली तर खेळ खलास. हा नियम साडूंनी संसारालाही लावला. झाडावरचा फणस न फोडता उतरवणं ही कसोटी, म्हसळ्याच्या एसटीत खिडकीची जागा मिळवणं ही कसोटी. भाचीच्या लग्नाची बोलणी चालली असताना त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि कानात म्हणाले, “तुमची दोन अपयशं झालीत. आता तोंड उघडू नका.” लग्न जमलं, आणि त्याचं श्रेय ते आजही माझ्या गप्प बसण्याला देतात.

मग खेळाची नवी आवृत्ती आली, आणि तिच्यात ते प्रकरणच नव्हतं. माजिदभाईंच्या भाच्याने पाठवलेली पुस्तकं साडूंनी पुढून वाचली, मागून वाचली, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

“अहो, नाही तर नाही,” ताई म्हणाली.

“नाही कसं? घरातून देव्हारा उचलून नेल्यासारखं वाटतंय.”

शेवटी त्यांनी जुनी कसोटी जशीच्या तशी नव्या खेळात बसवली. घोटाळा तिथेच झाला. जुन्या आवृत्तीत फाशाच्या दानात भर घालणारे आमच्या पात्रांचे आकडे दांडगे असायचे, नव्या आवृत्तीत ते रोडावले होते. त्यामुळे अपयशं भराभर येऊ लागली. माजिदभाई कित्येक वर्षं एका म्हाताऱ्या हकिमाची भूमिका करत होते. एका रविवारी वादळात खाडी ओलांडायची होती, आणि हकीम नावेचा दोर धरून उभा होता. ताईचा फासा घरंगळत गेला आणि दोनवर थांबला. तिसरं अपयश. साडूंनी फासा वाकून पुन्हा पाहिला, पण नियम मोडणं त्यांच्या रक्तात नाही. “नाव उलटली,” ते म्हणाले, “दोर धरणारा गेला.”

माजिदभाई उठले. चपला घातल्या आणि निघून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

“कागदावरचा तर हकीम होता,” मी एकदा म्हणालो.

“तुम्हांला माहीत नाही,” साडू म्हणाले. “माजिद आखातात असताना याचे वडील गेले. मातीलाही पोचता आलं नाही याला. तो हकीम अगदी त्यांच्यासारखा बोलायचा.”

त्यानंतर साडूंनी पंपांना हात लावला नाही. नियम खोडले, पुन्हा बसवले, आमच्यावर करून पाहिले. शेवटी जमलं. अपयश आलं तर काहीतरी गमवावं लागेल, पण काम अडणार नाही. हा नियम घेऊन ते मला माजिदभाईंच्या घरी घेऊन गेले.

“ती खाडी परत खेळू. या नियमाने तुझा हकीम वाचतो.”

माजिदभाईंनी मान हलवली. “त्याचा इंतकाल झाला. नियम बदलून मय्यत उठत न्हाय.” मग म्हणाले, “तो पाण्यातच हाय ना अजून? त्याला किनाऱ्याला आणू. दफन करायचाय.”

त्या रविवारी आम्ही हकिमाला आणायला निघालो. अपयशं पुष्कळ आली. शीड फाटलं, कंदील गेला, गोडं पाणी सांडलं. साडू दर वेळी आमच्याकडून काहीतरी काढून घेत होते आणि नाव पुढे सरकत होती. शेवटचा फासा माजिदभाईंनी टाकला.

“पोचला?” त्यांनी विचारलं.

“पोचला.”

“जागा कुठली देतोस?”

“टेकडीवर. समुद्र दिसतो तिथे.”

“बरी हाय,” माजिदभाई म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

त्या दिवशी आम्ही पुढे खेळलो नाही. साडू माजिदभाईंना सोडायला म्हणून रस्त्यापर्यंत गेले. रस्ता घरासमोरच आहे, तरी परतायला त्यांना बराच वेळ लागला.