अर्ध्या अंगाचं माप

टेलरबाई तपासणीच्या टेबलावर बसल्या होत्या आणि संधिवाताच्या डॉक्टर त्यांचा एकेक सांधा दाबून पाहत होत्या. बोटं, मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे धरून अठ्ठावीस सांधे झाले. कुठे सूज नव्हती, कुठे दुखत नव्हतं, रक्ताचा रिपोर्टही चांगला होता.

"आजार शांत झालाय," डॉक्टर कागदावर आकडा मांडत म्हणाल्या. "आता गोळ्या कमी करू."

सोबत आलेल्या सुनेचा जीव भांड्यात पडला. टेलरबाईंनी मात्र चपला काढल्या आणि पाय पुढे केला.

"आणि हे?"

"या मोजणीत पावलं धरत नाहीत, मावशी."

"मग माझं मशीन काय मनगटावर चालतं? तीस वर्षं पायडल मारतेय मी. सकाळी पाऊल टेकलं की खड्यांवर उभी राहिल्यासारखं वाटतं."

"आई, त्या शिकलेल्या आहेत," सून कुजबुजली. "कशाला हुज्जत घालताय?"

"शिकलेल्या आहेत म्हणूनच सांगतेय. मी नुसती कंबर मोजून पँट शिवली, तर गिऱ्हाईक ती माझ्या तोंडावर फेकेल."

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसल्या. खाली वाकून त्यांनी पावलाचा चवडा दोन्ही बाजूंनी दाबला. टेलरबाईंनी ओठ घट्ट मिटले, तरी डोळ्यांत पाणी आलंच.

डॉक्टरांनी कागदावरच्या आकड्यावर काट मारली. "गोळ्या आहेत तशाच राहू देत," म्हणत त्या उठू लागल्या.

"बसा," टेलरबाई म्हणाल्या. "दुसरा पाय राहिलाय."